विमानाच्या अंगावरील डाग

दोन वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मला विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना दाखवावयास घेऊन गेला. महाविद्यालयांत असतांना इतिहासाच्या तासाला तो मागच्या बांकावर बसून कागदाचीं विमानें करीत असे, आणि त्याबद्दल मीं त्याला एकदां वर्गाबाहेरही काढलें होतें. पुढें त्यानें कागदाचीं सोडून धातूचीं विमानें हातीं धरलीं, आणि आतां तो त्या खात्यांत चांगल्या अधिकारावर आहे. जुना राग मनांत न ठेवतां त्यानें मोठ्या अगत्यानें मला सर्व दाखविलें. इंजिनें उघडून ठेवलेलीं होतीं, चाकें काढलेलीं होतीं. परंतु माझें लक्ष वेधलें तें एका शिडीवर बसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या कारागिरानें. विमानाच्या पोटाजवळ चिंचोक्याएवढा रंग उडाला होता. तेवढ्या जागेपाशीं तो कारागीर डोळ्याला भिंग लावून बसला होता. बराच वेळ झाला तरी त्यानें कुंचला हातांत घेतला नव्हता.

मला राहवलें नाहीं. मीं विचारलें, "एवढ्याशा डागासाठीं एवढा खटाटोप कशाला? रंगाचा एक हात फिरविला कीं झालें!"

तो नम्रपणें हंसला आणि म्हणाला, "सर, डाग झांकायला दोन मिनिटें लागतात. पण तो रंगाचा आहे कीं पत्र्याचा, हें ठरवायला दुपार जाते."

घरीं आल्यावरही तें वाक्य माझ्या मनांत घोळत राहिलें. विमानविद्येचा मी जाणकार नाहीं. परंतु कोणत्याही वस्तूमागें तिचा इतिहास असतो आणि तो शोधण्याची खोड आम्हां इतिहासाच्या माणसांस असते. म्हणून विमानाच्या रंगाचा आणि त्यावरील डागांचा इतिहास मीं यथाशक्ति वाचून काढला. त्यांत मला जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं विमानाला रंग द्यावयास सुरुवात झाली ती शोभेसाठीं नव्हे. राइट बंधूंचें जें विमान १७ डिसेंबर १९०३ रोजीं उडालें, त्याच्या पंखांवर साधें, न धुतलेलें मलमलीचें कापड ताणून बसविलेलें होतें. त्याला रंगही नव्हता आणि रोगणही नव्हतें. पण अशा कापडाचे दोष लवकरच ध्यानांत आले. हवेंतील दमटपणानें तें ढिलें पडे आणि त्याच्या विणींतून हवा आरपार जाई. ढिल्या पंखाचें विमान म्हणजे सैल पडलेल्या मृदंगासारखें. त्यांतून योग्य तो बोल निघावयाचा नाहीं. तेव्हां कोणी रबराचा लेप देऊन पाहिला, कोणी तेली रोगण, तर कोणी पिठाची खळ. शेवटीं सुमारें १९१० नंतर कापसापासून रासायनिक क्रियेनें तयार केलेल्या सेल्युलोजच्या लेपावर सर्वांचें एकमत झालें. कारखान्यांतील लोक त्याला 'डोप' म्हणूं लागले. हा पातळ लेप लिननच्या कापडावर दिला म्हणजे वाळतांना तो आंखडे, आणि त्यासरशीं कापडही ताणलें जाऊन पखवाजाच्या पुडीसारखें टणत्कार करूं लागे. म्हणजे ज्याला आपण रंग समजतों तो मुळांत विमानाचा एक अवयवच होता. तो काढून घेतला तर पंख पंख राहत नसे.

या लेपाचे प्रकार दोन. त्यांतला एक झटकन पेट घेई. त्याचें रासायनिक कूळ बंदुकीच्या धूरहीन दारूच्या कुळापासून फारसें दूर नव्हतें. दुसरा इतक्या सहज पेटत नसे, म्हणून युद्धाच्या विमानांसाठीं तो बरा वाटला. परंतु तो विरघळविण्यासाठीं टेट्राक्लोरइथेन नांवाचा जो द्रव वापरीत, त्यानें वेगळाच अनर्थ केला. १९१४ साल संपत आलें असतां लंडनजवळच्या हेंडन येथें विमानांच्या कारखान्यांतील कामगारांना कावीळ होऊं लागली. आधीं ग्लानि, मग अन्नावरची वासना जाणें, मग उलट्या, आणि पुढें डोळे व त्वचा पिवळी पडणें, असा तो क्रम. कांहीं जण त्यांत दगावले. सर विल्यम विलकॉक्स या वैद्यानें या प्रकरणाचा शोध केला. त्यानें त्या वाफांचा परिणाम उंदरांवर तपासून पाहिला आणि दोष या द्रवाचाच आहे असें १९१५ सालीं दाखवून दिलें. वाफ यकृतावर घाला घालीत होती. पुरुष आघाडीवर गेल्यामुळें लेप देण्याच्या कामावर त्या वेळीं पुष्कळ ठिकाणीं स्त्रियाच होत्या. बंद खोलींत, हातांत रुंद कुंचला घेऊन, दिवसभर ती गोडसर वाफ हुंगीत त्या पंख रंगवीत. पुढें हा रोग सरकारला कळविणें बंधनकारक ठरलें, हवा खेळती ठेवण्याचे नियम झाले, आणि युद्ध संपण्यापूर्वींच ब्रिटनमध्यें तो विषारी द्रव मागें पडला.

पहिल्या महायुद्धांतील वैमानिकांचीं नांवें आज शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतात. तांबडें विमान उडविणारा जर्मन सरदार रिश्टहोफेन तर कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत अमर झाला आहे. परंतु ज्या बायकांनीं पंख ताठ राहावेत म्हणून आपलीं यकृतें झिजविलीं, त्यांच्यापैकीं एकीचेंही नांव आपल्याला सांगतां येणार नाहीं. इतिहासाच्या पुस्तकावर पडलेला हा डाग मला फार मोठा वाटतो. त्यावर कोणी रंग चढविला आहे असेंही नाहीं. तेथें पाहावें असें कोणास वाटलें नाहीं, एवढेंच.

लेपानंतर रंगाची गरज निर्माण केली ती सूर्यानें. पारदर्शक लेप दिलेलें लिनन उन्हांत ठेवलें कीं कांहीं महिन्यांत त्याची ताकद कमी होई. पाहावयास कापड धड, पण बोटानें दाबलें तर टरकन फाटेल असें. सूर्यप्रकाशांतील जे किरण डोळ्यांस दिसत नाहींत ते धाग्याला आंतून खात असत. यावर ब्रिटिशांनीं १९१६ च्या सुमारास 'पी. सी. १०' नांवाचा खाकी लेप काढला. त्यांत लोहाची पिवळी माती आणि काजळी मिसळलेली असे. ती या किरणांना वरच्यावर अडवी. उष्ण देशांतील कडक उन्हासाठीं 'पी. सी. १२' नांवाचा अधिक तांबूस लेप निराळा होता. पुढें असें आढळलें कीं ॲल्युमिनियमची बारीक भुकटी लेपांत मिसळली तर तिचे चपटे कण माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक बसतात आणि ऊन जवळजवळ संपूर्ण परतवितात. दोन महायुद्धांमधल्या काळांतील पुष्कळ विमानें रुपेरी दिसतात त्याचें कारण हें आहे. ज्यास आपण झगमगाट समजतों ती वास्तविक विमानाची छत्री होती.

आपल्याकडील हवाई टपालाचा आरंभ अशाच कापडी विमानानें झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून निघून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें टपाल आणलें. तें 'पस मॉथ' जातीचें लहानसें विमान होतें. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर लेप दिलेलें कापड, एवढाच त्याचा देह. पुढचा प्रवास नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीवरून मद्रासपर्यंत केला. त्या काळीं जुहूचें मैदान म्हणजे समुद्राकांठची सखल जमीन. पावसाळ्यांत तेथें पाणी साचे, आणि मग सारा बाडबिस्तरा पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. एका बाजूला कोंकणचें ऊन, दुसऱ्या बाजूला खारी हवा आणि तिसऱ्या बाजूला पाऊस, अशा तिहेरी माऱ्यांत कापडी पंख संभाळणें म्हणजे काय, हें आपल्या घरांतील छत्र्यांची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची पावसाळ्यांतली अवस्था आठवली तर वाचकांच्या ध्यानांत येईल. कापडाला लहानसें भोंक पडलें तरी त्याच कापडाचा तुकडा कडा विसकटून लेपानें चिकटवावयाचा, त्यावर लेपाचे हात द्यावयाचे आणि शेवटीं रुपेरी हात फिरवावयाचा, अशी रीत असे. टाटांच्या पुढील कारकीर्दींत त्यांची बारीकसारीक गोष्टींवरची नजर प्रसिद्ध झाली. प्रवासाहून परत आल्यावर चहाच्या रंगापासून पडद्यांच्या घडीपर्यंत सर्वांवर ते टिपणें पाठवीत. पुष्कळांना तो श्रीमंती छांदिष्टपणा वाटे. ज्यानें कापडी विमानांत बसून अरबी समुद्राचा कांठ ओलांडला त्याला बारीक भोंकाची किंमत ठाऊक होती, असें मला वाटतें.

यानंतर धातूचें युग आलें. आल्फ्रेट व्हिल्म या जर्मन शास्त्रज्ञानें १९०६ सालीं ॲल्युमिनियममध्यें थोडें तांबें व इतर धातु मिसळून एक मिश्रण केलें. तें तापवून झटकन थंड केल्यावर लगेच नव्हे, तर पुढें कांहीं दिवस नुसतें ठेवल्यानें कठीण होत जातें असें त्याला आढळलें. हें 'ड्युरॅल्युमिन' हलकें असून मजबूत होतें. परंतु शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षां तें गंजावयास फार नाजूक. हा गंज वरून लोखंडाप्रमाणें तांबडा दिसत नाहीं. तो धातूच्या कणाकणांच्या सांध्यांतून आंत शिरतो. यावर १९२७ सालीं अमेरिकेंत एक सुंदर तोड निघाली. मिश्रधातूच्या पत्र्याच्या दोन्ही अंगांस शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवावयाचा. एकेका बाजूचा थर पत्र्याच्या जाडीच्या साधारण पांच टक्के. आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई असते तसाच हा प्रकार, पण एक मोठा फरक आहे. लहानसा ओरखडा पडला तरी आजूबाजूचा शुद्ध थर आधीं स्वतः झिजतो आणि आंतल्या मिश्रधातूला वांचवितो. घरांतल्या वडील माणसानें स्वतः उपाशी राहून मुलांना जेवूं घालावें, तशी ही व्यवस्था. तिलाही सीमा आहे. ओरखडा खोल आणि रुंद असला, किंवा चकाकी आणण्याच्या हौसेनें तो थर पुन्हां पुन्हां घासून नाहींसा केला, तर रक्षण करणाराच उरत नाहीं. म्हणजे विमानाला फार लखलखीत ठेवण्याचा अट्टाहास हाही एक प्रकारचा नाशच होय.

धातूच्या विमानाच्या वेगावर पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाचा किती परिणाम होतो, याची एक गंमतीची कथा आहे. ब्रिटिशांच्या 'स्पिटफायर' विमानाच्या रिव्हेटांचीं डोकीं पत्र्याशीं सपाट बसविलेलीं होतीं. हें काम वेळखाऊ आणि खर्चाचें. सर्व ठिकाणीं तें आवश्यक आहे काय, हें पाहावयाचें होतें. तेव्हां त्यांनीं काय करावें? प्रत्येक सपाट रिव्हेटावर वाटाण्याची एकेक डाळ सरसानें चिकटविली आणि विमान उडवून पाहिलें. त्या डाळींच्या फुगवट्यांमुळें वेग तासाला सुमारें २२ मैलांनीं घटला! मग एकेका भागावरच्या डाळी काढीत काढीत, कोठला फुगवटा नडतो आणि कोठला खपतो, हें त्यांनीं ठरविलें. ज्या वाटाण्याच्या डाळीला आपल्या स्वयंपाकघरांत फारसा मान नाहीं, तिनें एका मोठ्या युद्धविमानाची घडण ठरविण्यास हातभार लावला.

त्याच विमानाच्या दुसऱ्या एका अवताराशीं आपल्या देशाचा संबंध येतो. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९३९ सालीं शत्रूच्या मुलखाचीं आकाशांतून छायाचित्रें घेण्याच्या उद्योगांत होता. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर उभा असतांना जोधपूरच्या महाराजांचें खासगी विमान उडतांना त्यानें पाहिलें, असें तो सांगत असे. तें फिकट हिरवट रंगाचें विमान पाहतां पाहतां आकाशांत विरघळून गेलें. कॉटननें तो रंग आपल्या विमानांस लाविला. पुढें त्यानें स्पिटफायरवरच्या बंदुका काढल्या, सांध्यांच्या फटी लुकणानें भरून घेतल्या, पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला आणि तें हलकें, वेगवान विमान छायाचित्रें घेण्यास पाठविलें. १८ नोव्हेंबर १९३९ रोजीं अशा स्पिटफायरची पहिली फेरी झाली. जवळ शस्त्र नसलेल्या वैमानिकाचा जीव त्याच्या वेगावर आणि न दिसण्यावर अवलंबून होता. त्याच्या विमानावर रंगाचा पोपडा उडणें ही सौंदर्याची बाब नव्हती.

उलट, रंग नसणेंही कधीं कधीं हिताचें ठरलें आहे. १९४४ च्या आरंभापासून अमेरिकनांनीं आपल्या पुष्कळ लढाऊ विमानांना रंग देण्याचें बंद केलें. आकाशांत वर्चस्व आल्यावर लपण्याची गरज उरली नव्हती, आणि रंगाचें वजन वांचत होतें. पुढील काळांत अमेरिकेच्या अंतराळयानाची प्रचंड टांकी १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगविलेली होती. १९८२ सालीं तिसऱ्या उड्डाणापासून तो रंग देणें सोडलें, आणि सुमारें २७० किलो वजन वांचलें. रंगालाही वजन असतें, ही गोष्ट आपण भिंती रंगवितांना कधीं मनांत आणीत नाहीं. मोठ्या जंबो विमानावर मात्र तो अडीचशे किलोंच्या घरांत जातो.

आतां त्या कारागिराकडे परत येऊं. तो करीत होता तें काम वरवर पाहतां सोपें आहे. डागाची जागा द्रावकानें पुसून तेल व मळ काढावयाचा. उडालेल्या रंगाच्या कडा बारीक कांचकागदानें घासून उतरत्या करावयाच्या, म्हणजे नव्याजुन्या रंगाची पायरी राहूं नये. घासण्यासाठीं लोखंडी कीस वापरावयाचा नाहीं, कारण त्याचे कण पत्र्यांत रुतून तेथेंच गंजाचें बीं पेरतात. मग उघड्या धातूवर रासायनिक संस्कार, त्यावर अस्तराचा हात, आणि सर्वांत शेवटीं रंग. जुना रंग उन्हानें फिकटलेला असतो, म्हणून डब्यांतला नवा रंग त्याच्याशीं हुबेहुब जुळत नाहीं. तो जुळविणें ही नजरेची कला आहे. पण सगळीकडे असें ठिगळ देतां येत नाहीं. पंखांच्या व शेपटीच्या हलणाऱ्या झडपा तराजूसारख्या तोललेल्या असतात. त्यांच्या मागल्या अंगावर रंगाचे हात चढत गेले तर तोल बिघडतो आणि वेगांत त्या थरथरूं लागतात. ती थरथर पंख मोडूं शकते. विमानाच्या नाकाच्या टोपीमागें रडारचें यंत्र असतें. तेथें रंग जाड झाला तर यंत्राची नजर मंद होते. आणि हवेचा दाब मोजणारीं जीं लहान छिद्रें अंगावर असतात, त्यांच्या भोंवतीं तर रंगाचा थेंबसुद्धां वाळूं द्यावयाचा नाहीं.

या छिद्रांवरून पेरू देशांतील एक दुःखद हकीकत सांगितली पाहिजे. एरोपेरू कंपनीचें एक विमान धुवून पुसून स्वच्छ करतांना पाणी आंत जाऊं नये म्हणून कामगारानें या छिद्रांवर चिकटपट्टी लाविली होती. काम झाल्यावर ती काढावयाची राहिली, आणि पुढें तपासणाऱ्यांच्या नजरेसही ती आली नाहीं. २ ऑक्टोबर १९९६ रोजीं तें विमान मध्यरात्रीनंतर लिमाहून निघालें. उंची सांगणारें यंत्र खोटें बोलूं लागलें, वेग सांगणारें खोटें बोलूं लागलें. खालीं काळा समुद्र आणि वर काळें आकाश यांमध्यें वैमानिकांना आपण कोठें आहों हें कळेना. अखेर तें विमान पाण्यावर आदळून ७० माणसें मेलीं. विमान अगदीं स्वच्छ होतें.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट तैवानची आहे. चायना एअरलाइन्सच्या एका जंबो विमानाची शेपटी ७ फेब्रुवारी १९८० रोजीं हाँगकाँगला उतरतांना धांवपट्टीवर घासली. पोटाच्या पत्र्यावर ओरखडे उमटले. त्या ओरखड्यांचा पत्रा कापून टाकावयास हवा होता. तसें न करतां, त्यांच्यावर दुसरा पत्रा रिव्हेटांनीं बसविला गेला. वरून सारें नीटनेटकें दिसूं लागलें. त्यानंतर बावीस वर्षें तें विमान उडत होतें. प्रत्येक उड्डाणाला त्याचें पोट फुगे आणि आंखडे, आणि झांकलेल्या ओरखड्यांतून केसासारख्या भेगा हळूहळू पुढें सरकत. २५ मे २००२ रोजीं तैपेईहून हाँगकाँगला जातांना तें समुद्रावर आकाशांतच फुटलें. २२५ जण गेले. चौकशींत असें दिसून आलें कीं त्या ठिगळाच्या कडेला बाहेरून तपकिरी डाग पडले होते. विमानांत धूम्रपान चालत असे त्या काळांतील तंबाखूचा धूर आंतून फटींवाटे बाहेर येऊन तेथें बसला होता. म्हणजे आंतली फट आपल्या परीनें वर्षानुवर्षें खूण करीत होती. कोणी तो डाग वाचला नाहीं.

हवाई बेटांवरील अलोहा कंपनीच्या विमानाची कथाही याच जातीची. समुद्राच्या खाऱ्या हवेंत, लहान लहान पल्ल्याच्या, जवळजवळ नव्वद हजार फेऱ्या त्यानें केल्या होत्या. २८ एप्रिल १९८८ रोजीं वर असतांना त्याच्या छताचा १८ फूट लांबीचा भाग उडून गेला. एक परिचारिका बाहेर फेंकली गेली. वैमानिकांच्या कौशल्यानें बाकीचे ९४ जण वांचले. त्या दिवशीं विमानांत चढतांना एका प्रवासी बाईला दाराजवळच्या पत्र्यावर भेग दिसली होती. पण तिनें ती कोणालाही सांगितली नाहीं. एवढ्या शहाण्या माणसांना ती दिसली नसेल असें कसें होईल, असें तिला वाटलें असावें. आपणांपैकीं कितीजणांनीं ती सांगितली असती, हा प्रश्न मीं स्वतःला विचारून पाहिला, आणि त्याचें उत्तर मला फारसें सुखाचें आलें नाहीं.

रंगकामाच्या इतिहासांतली सर्वांत बोधप्रद घटना मात्र पुढें उघडकीस आली. या शतकाच्या पहिल्या दशकांत असें आढळलें कीं कित्येक विमानांच्या सांध्यांपाशीं सरळ रेषेंत बारीक ओरखडे आहेत आणि त्यांतून भेगा वाढत आहेत. हे ओरखडे आले कोठून? विमान नव्यानें रंगविण्यापूर्वीं सांध्यांतलें जुनें लुकण आणि रंग खरवडून काढतात. घाईनें काम करणाऱ्यांनीं त्यासाठीं धारदार अवजारें वापरलीं, त्या धारेचें टोंक पत्र्यास लागलें, आणि वर सुंदर नवा रंग चढला. विमान सजविणाऱ्या हातांनींच त्याच्या अंगावर जखमा केल्या आणि त्याच हातांनीं त्या झांकल्या. यावर मग अमेरिकेच्या विमानखात्यानें तपासणीचे हुकूम काढले, आणि खरवडण्यासाठीं मऊ अवजारें वापरण्याची ताकीद झाली.

अगदीं अलीकडे तर रंगाच्या डागांवरून दोन बलाढ्य कंपन्या न्यायालयांत गेल्या. कतार एअरवेजचें एअरबस कंपनीनें बांधलेलें एक ए-३५० विमान २०२० च्या अखेरीस नव्यानें रंगविण्यासाठीं आयर्लंडमधील शॅनन येथें गेलें. जुना रंग काढतांना त्याखालच्या पृष्ठभागाला तडे दिसले. या विमानाचा देह पत्र्याचा नसून कार्बनच्या धाग्यांचा आहे, आणि विजेपासून रक्षण व्हावें म्हणून रंगाखालीं तांब्याची जाळी आहे. ती जाळी उघडी पडणें हा जिवाचा धोका आहे, असें कतारकडील लोकांचें म्हणणें. हा वरवरच्या रंगाचा दोष आहे, विमान सुरक्षित आहे, असें बांधणाऱ्यांचें म्हणणें, आणि युरोपच्या विमानसुरक्षा खात्यासही त्यांत धोका आढळला नाहीं. कतारनें मात्र वीसहून अधिक विमानें जमिनीवर बसवून ठेवलीं. डिसेंबर २०२१ मध्यें लंडनच्या न्यायालयांत दावा गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें तो आपसांत मिटला. कोण बरोबर होतें हें ठरविण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु कोट्यवधी डॉलरांचा तो वाद शेवटीं याच एका प्रश्नावर उभा होता. डाग रंगाचा, कीं त्याखालच्या अंगाचा?

म्हणजे शिडीवरचा तो कारागीर चिंचोक्याएवढ्या जागेपुढें बसून जो प्रश्न विचारीत होता, तोच प्रश्न मोठमोठ्या बॅरिस्टरांनीं लंडनमध्यें विचारला.

आपल्या समाजांत डाग झांकण्याची संवय फार जुनी आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची, अशी म्हणच आपण करून ठेवली आहे. घरांतल्या माणसाचा आजार, मुलाची चूक, संस्थेच्या हिशेबांतली गफलत, थोर पुरुषाच्या चरित्रांतला उणा प्रसंग, या सर्वांवर आपण प्रेमानें, अब्रूच्या भीतीनें किंवा नुसत्या घाईनें रंगाचा हात फिरवितों. मीं स्वतः तीस वर्षें इतिहास शिकवितांना कित्येकदां असें केलें आहे. वर्गांतल्या मुलांपुढें एखाद्या आवडत्या राजाचा अपराध सांगावयाची वेळ आली कीं माझें बोलणें जरा भरधांव होत असे, हें आज कबूल करावयास हरकत नाहीं. रंग देणें हें कांहीं पाप नव्हे. ऊन, पाऊस आणि खारी हवा यांपासून जें आपलें आहे तें जपण्यासाठीं रंग हवाच. एवढेंच कीं तो देण्यापूर्वीं खालीं काय आहे तें भिंग लावून पाहिलें पाहिजे, आणि जखम आढळली तर ती आधीं बरी केली पाहिजे.

त्या दिवशीं आम्हीं चहा घेऊन परत फिरलों तेव्हां संध्याकाळ झाली होती. कारागिरानें अखेर कुंचला उचलला होता. माझ्या विद्यार्थ्यानें त्याला खालूनच विचारलें, "काय निघालें, काका?"

"रंगच होता, साहेब," तो म्हणाला, "खालीं कांहीं नाहीं."

त्याच्या आवाजांत समाधान होतें. सारी दुपार फुकट गेली, असें त्याला मुळींच वाटलेलें दिसत नव्हतें.